साध्या कुलपानंतरचे कठीण कुलूप

प्रश्न थोडक्यात असा आहे: चार-पाच पिनांची साधी कुलपे चावीशिवाय उघडण्यावर हात बसला आहे, पण सिक्युरिटी पिना असलेले पहिलेच कुलूप घेतल्याला काही महिने झाले तरी ते एकदाही उघडलेले नाही, अशा वेळी अधिक महागडी साधने घ्यावीत, सरावाचा वेळ वाढवावा, की तूर्त दुसऱ्या कुलपाकडे वळावे? माझ्या मते या तिन्हींपैकी एकानेही अडचण सुटणार नाही. साधे कुलूप आत काय चालले आहे हे न कळताही उघडते, कारण पिक, म्हणजे पिना उचलण्याची बारीक पोलादी पट्टी, मागे-पुढे घासत राहिले आणि ताण, म्हणजे कुलपाला दिलेला पीळ, थोडा कमी-जास्त होत गेला की पिना आपापल्या जागी जाऊन बसतात आणि शिकणाऱ्याला वाटते की आपल्याला ही विद्या आली. सिक्युरिटी पिना या घासण्यावर उपाय म्हणूनच बनवलेल्या असतात. त्यामुळे तुम्हाला आता शिकायचे आहे ते हे की, कोणत्याही क्षणी थांबून ‘पहिली पिन बसलेली आहे, दुसरी मोकळी आहे, तिसरी अडलेली आहे’ असे खात्रीने सांगता यावे. ते सांगता येऊ लागले की कुलूप उघडणे त्यामागून येते.

तांत्रिक भागाकडे वळण्यापूर्वी दोन नियम सांगणे आवश्यक आहे. जर्मनीत हॅम्बुर्ग येथे 1997 मध्ये चावीशिवाय कुलूप उघडण्याच्या या खेळाची संघटना स्थापन झाली आणि नेदरलँड्स, अमेरिका इत्यादी देशांतही अशी मंडळे उभी राहिली. त्या सर्वांनी मान्य केलेले नियम असे की, स्वतःच्या मालकीचे किंवा मालकाने स्पष्ट परवानगी दिलेले कुलूपच हाताळावे, आणि वापरात असलेल्या कुलपावर, ते स्वतःच्या घराचे असले तरी, सराव करू नये. दुसरा नियम अनेकांना अनावश्यक वाटतो, पण पिकचे टोक मोडून आत राहिले किंवा एखादी पिन वेडीवाकडी अडकली तर चावीसुद्धा आत जात नाही, आणि तेव्हा दाराच्या बाहेर उभे राहून चावीवाल्याची वाट पाहावी लागते. कायद्याची बाजूही महाराष्ट्रातील वाचकांनी लक्षात ठेवावी. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 122 नुसार सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात वाजवी कारणाविना घरफोडीचे साधन जवळ बाळगलेले आढळणे हा गुन्हा आहे, आणि कारण वाजवी होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी साधन बाळगणाऱ्यावर आहे. साधने घरातल्या टेबलावर राहावीत, खिशात किंवा गाडीच्या डिकीत नकोत, हे मी प्रत्येक नवख्याला पहिल्याच दिवशी सांगतो. परदेशी राहणाऱ्यांनी त्या त्या देशाचा कायदा पाहावा. जपानमध्ये तर 2003 च्या कायद्याने अशी साधने कारणाविना बाळगण्यावरच बंदी आहे.

आता मूळ गोष्ट. पिन टम्बलर कुलपात एक फिरणारा पितळी दंडगोल असतो, ज्याला प्लग म्हणतात, आणि त्याच्याभोवती स्थिर कवच असते. दोन्हींना आरपार अशी पाच-सहा छिद्रे असतात आणि प्रत्येक छिद्रात चावीला टेकणारी एक पिन, तिच्या पलीकडे दुसरी ड्रायव्हर पिन आणि त्यामागे स्प्रिंग असते. योग्य चावी घातली की प्रत्येक जोडीतील सांधा नेमका प्लग आणि कवच यांच्या सीमेवर, म्हणजे शिअर लाइनवर, येतो आणि प्लग फिरतो. ही छिद्रे गणिती अचूकतेने एका रेषेत पाडलेली असती आणि सर्व पिना तंतोतंत एकाच जाडीच्या असत्या तर हा छंदच अस्तित्वात आला नसता. प्रत्यक्षात मिलिमीटरच्या काही शतांशांचा फरक राहतोच, आणि त्यामुळे प्लगला हलका पीळ दिला की सर्व पिनांवर सारखा दाब न येता एकच पिन सर्वांत आधी अडते. ती योग्य उंचीला नेली की प्लग केसभर पुढे सरकतो आणि दुसरी पिन अडते. हा अडण्याचा क्रम त्या एका कुलपापुरता बराचसा ठरलेला असतो, आणि तो शोधणे हेच काम असते.

हे तत्त्व जुने आहे. जोसेफ ब्रामा यांच्या लंडनमधील दुकानाच्या काचेत 1790 पासून एक कुलूप ठेवलेले होते आणि ते उघडणाऱ्यास 200 गिनींचे बक्षीस जाहीर केलेले होते. 1851 च्या लंडनमधील महाप्रदर्शनाच्या निमित्ताने आलेल्या अल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज या अमेरिकी कारागिराने ते उघडले, आणि त्यासाठी त्यांना 16 दिवसांत विभागलेले सुमारे 51 तास लागले. 18 स्लाइडांच्या, म्हणजे सरकत्या पट्ट्यांच्या, त्या कुलपावर त्यांनी सतत स्थिर दाब ठेवण्याची व्यवस्था केली आणि एकेक स्लाइड अडते आहे की नाही हे तपासत ते पुढे गेले. त्याआधी काही दिवस त्यांनी चब कंपनीचे डिटेक्टर कुलूप अर्ध्या तासाच्या आत उघडून दाखवले होते. एकाच माणसाला दोन नावाजलेल्या कुलपांना लागलेल्या वेळांतील ही तफावत मला नेहमी उद्बोधक वाटते, कारण काही महिने एकाच कुलपापाशी अडलेल्या माणसाला ‘आपला हातच या कामाचा नाही’ असे वाटू लागते, पण लागणारा वेळ कुलपावरही अवलंबून असतो.

पिनेच्या अवस्था चार आहेत, आणि त्या बोटांना वेगवेगळ्या कळतात. मोकळ्या पिनेवर पिक टेकवले तर फक्त स्प्रिंगचा मऊ प्रतिकार जाणवतो आणि सोडताच ती परत येते. अडलेली पिन ताठ असते. तिला सरकवण्यास जाणवण्याइतका जोर लागतो आणि ती खरखरत सरकते. बसलेल्या पिनेच्या बाबतीत ड्रायव्हर शिअर लाइनच्या पलीकडे अडकून राहिलेली असल्यामुळे चावीकडील पिनेवर स्प्रिंगचा दाब उरत नाही, आणि पिकने हळूच हलवल्यास ती थोड्याशा जागेत सैल खुळखुळते. चौथी अवस्था म्हणजे मर्यादेपेक्षा जास्त उचलली गेलेली पिन. इथे चावीकडील पिनच शिअर लाइनमध्ये शिरून अडकते, आणि ती ना स्प्रिंगसारखी लागते ना खुळखुळते, अगदी निर्जीव वाटते. तुमच्या काही महिन्यांतील बहुतेक बैठका या चौथ्या अवस्थेत संपल्या असाव्यात असा माझा अंदाज आहे, कारण सिक्युरिटी पिनांवर नवखा माणूस नेहमी जास्त जोर लावतो. पिन अशी जास्त उचलली गेल्याची खात्री झाली की तिच्याशी झगडण्यात अर्थ नसतो; ताण पूर्ण सोडावा, सर्व पिना खाली येऊ द्याव्यात आणि पुन्हा सुरुवात करावी.

या चार अवस्था ओळखण्याचा सराव कुलूप उघडण्याच्या हेतूविना करावा. हलका ताण द्यावा, पिक सर्वांत मागच्या पिनेपर्यंत न्यावे आणि पुढे येत येत प्रत्येक पिनेला स्पर्श करून फक्त तिची अवस्था मोठ्याने म्हणावी. हास्यास्पद वाटते, पण मोठ्याने म्हटल्याने अंदाज आणि खात्री यांतील फरक स्वतःपुढे उघड होतो. नेमकी कितवी पिन हाताळतो आहोत याचा गोंधळ होत असेल तर पिकच्या दांड्यावर प्रत्येक पिनेच्या अंतरावर मार्करने खुणा कराव्यात.

यापुढचा विषय ताणाचा, आणि याच एका विषयावर मला सर्वांत जास्त लिहावेसे वाटते, कारण दोन हातांपैकी कुलूप खरोखर उघडणारा हात हा ताण देणारा असतो. पिक धरलेल्या हाताला मिळणारी सर्व माहिती त्या ताणाच्या प्रमाणावर अवलंबून असते. ताण जास्त झाला की एकाऐवजी दोन-तीन पिना एकदम अडल्यासारख्या लागतात, खऱ्या क्रमाचा पत्ता लागत नाही, आणि अडलेली पिन सरकवण्यासाठी इतका जोर लावावा लागतो की ती योग्य उंचीवर न थांबता पुढे निघून जाते. ताण फार कमी झाला की बसलेल्या पिना गळून पडतात. या दोन टोकांमधली पट्टी साध्या कुलपात रुंद असते आणि कठीण कुलपात फार अरुंद. बोटाला किती कमी जोर पुरतो याची कल्पना यावी म्हणून स्वयंपाकघरातील डिजिटल वजनकाट्यावर बोट टेकवून पाहावे. ‘हलका’ समजून आपण लावत असलेला जोर काट्यावर पाहिला की बहुतेकांना आश्चर्य वाटते. ताण देणारी पट्टी चावीच्या खाचेच्या कोणत्या टोकाला बसवतो यालाही महत्त्व आहे. बहुतेक स्वस्त संचांतील वाकवलेल्या पट्ट्या खाचेच्या पिनांपासून दूरच्या टोकाला बसतात आणि पिकला फिरायची जागा खातात. याऐवजी पिनांच्या बाजूच्या टोकाला, खाचेच्या तोंडाशीच घट्ट बसणारी जाड पट्टी वापरावी. तिने खाच मोकळी राहते, पट्टी घसरत नाही आणि प्लगची बारीकशी हालचालही बोटापर्यंत पोहोचते.

प्लगची ही बारीक हालचाल कळणे सिक्युरिटी पिनांसाठी निर्णायक असते. सर्वांत प्रचलित प्रकार स्पूल, म्हणजे मध्ये बारीक कंबर आणि दोन्ही बाजूंस रुंद कडा असलेली, दोऱ्याच्या रिळासारखी ड्रायव्हर पिन. साधी पिन समजून तिला उचलू लागलो की कंबर शिअर लाइनवर येते, प्लग एकदम काही अंश वळतो, कुलूप उघडले असे वाटते आणि तिथेच सगळे थांबते. हा फसवा टप्पा. नवखे इथे निराश होतात. वास्तविक यासारखी आनंदाची बातमी नाही, कारण साध्या पिना बहुतेक सर्व बसल्या आहेत आणि आता फक्त स्पूल उरल्या आहेत असे कुलपानेच तुम्हाला सांगितलेले असते. या टप्प्यावर ताण तसाच ठेवून प्रत्येक पिनेला अगदी हळू दाबून पाहावे. जिच्यावर दाब दिल्याने प्लग उलट दिशेने वळू पाहतो, ती स्पूल. कारण असे की, स्पूलची खालची कड शिअर लाइनमधून पलीकडे जायची असेल तर वळलेल्या प्लगला थोडे मागे यावे लागते. ही उलट हालचाल ताण देणाऱ्या बोटाने अडवून धरली तर पिन बसणे शक्यच नसते. बोटाने तिला वाट द्यावी लागते, परंतु पूर्ण हातही सोडायचा नसतो. कड पार झाली की क्लिक जाणवतो आणि प्लग पुन्हा पुढे वळतो, बहुधा आधीपेक्षा थोडा अधिक. ताण सैल झाल्यामुळे आधी बसलेली एखादी पिन खाली पडू शकते. ती तपासून परत बसवावी, उरलेली स्पूल शोधावी, आणि तिच्या वेळी ताण आणखी जपून सैल करावा. तीन-चार स्पूल असलेल्या कुलपात हे मागे-पुढे होणे काही वेळ चालते, आणि त्यात गैर काही नाही.

हे सर्व डोळ्यांना दिसावे असे वाटत असेल, तर कुलूप खोलून पाहण्याला पर्याय नाही. माझा आग्रह असा की, न खोलता येणारे पॅडलॉक तूर्त बाजूला ठेवावे आणि दाराच्या जाडीत बसवलेल्या कुलपात, म्हणजे मॉर्टिस लॉकमध्ये, बसणारा युरो-प्रोफाइल सिलिंडर हार्डवेअरच्या दुकानातून सुटा आणावा. मधली क्लिप काढली, चावी घालून प्लग किंचित वळवला आणि प्लगच्याच जाडीची एखादी गोल लाकडी काठी मागून ढकलत प्लग पुढे काढून घेतला, की ड्रायव्हर पिना आणि स्प्रिंगा कवचातच राहतात आणि चावीकडील पिना प्लगमध्ये सुट्या मिळतात. पिना चिमट्याने काढून क्रमाने बर्फाच्या ट्रेच्या कप्प्यांत ठेवाव्यात. क्रम चुकला तर मूळ चावी लागणार नाही. मग कुलूप पुन्हा जुळवताना एकच स्पूल आणि बाकी छिद्रे रिकामी अशी सुरुवात करावी. एका स्पूलचे उलट वळणे बोटाला ओळखीचे झाले की एक साधी पिन वाढवावी, मग दुसरी स्पूल, अशा रीतीने सर्व छिद्रे भरेपर्यंत जावे. पिना जागा बदलून बसवल्या की तेच कुलूप नवे होते, आणि लांब पिनेमागे आखूड पिन ठेवली तर त्या मागच्या पिनेपर्यंत पुढचीला धक्का न लावता पोहोचण्याचा वेगळा व्यायाम मिळतो. एवढ्या स्वस्तात इतके शिकवणारे दुसरे साधन माझ्या माहितीत नाही. मात्र असा सिलिंडर परत दाराला लावू नये. वारंवार हाताळल्याने पिनांची टोके आणि प्लगमधील छिद्रांच्या कडा झिजतात.

स्पूलनंतर खाचेदार पिना येतात. त्यांच्या अंगावर अनेक बारीक वळी कापलेली असतात आणि प्रत्येक वळे शिअर लाइनला अडकून खऱ्यासारखा क्लिक देते. स्पूलसारखे मोठे उलट वळणे येथे बहुधा मिळत नाही. अडणे, सुटणे आणि लगेच पुन्हा अडणे या क्रमावरूनच त्या ओळखाव्या लागतात. अमेरिकन लॉक कंपनीच्या 1100 मालिकेतील अॅल्युमिनियमच्या पॅडलॉकमध्ये स्पूल आणि खाचेदार अशा दोन्ही ड्रायव्हर असतात, शिवाय चावीकडील पिनांनाही खाचा असतात, त्यामुळे पिन जास्त उचलली तरी क्लिक मिळतो आणि पिन बसल्याचा भास होतो. या कुलपाने जगभरातील पुष्कळ हौशींचा गर्व उतरवला आहे. अशी कुलपे आपल्याकडे कारखान्यांत दुरुस्तीच्या वेळी यंत्राचा वीजपुरवठा बंद ठेवण्यासाठी, म्हणजे लॉकआउट-टॅगआउटसाठी वापरतात, त्यामुळे सुरक्षा-साहित्याच्या विक्रेत्यांकडे अशा प्रकारची कुलपे मिळतात. आबुस कंपनीचे 72/40 हेही त्याच कामाचे, सहा पिनांचे कुलूप आहे आणि स्पूल शिकल्यावरची पुढची पायरी म्हणून ते मला योग्य वाटते.

त्याही पलीकडच्या कुलपांत अडचणीचे स्वरूपच बदलते. मेडेको या अमेरिकी कंपनीच्या कुलपांत पिना योग्य उंचीला नेणे पुरत नाही. त्या स्वतःभोवती योग्य कोनात फिरवाव्याही लागतात, तेव्हाच बाजूची आडवी पट्टी, म्हणजे साइडबार, त्यांच्या खाचांत उतरते आणि प्लगला मोकळे करते. स्वीडनच्या आसा कंपनीच्या ट्विन कुलपांत साइडबारसाठी पिनांची वेगळी रांगच असते. फिनलंडमध्ये एमिल हेन्रिक्सन यांनी 1907 मध्ये शोधलेल्या आणि पुढे आब्लॉय या नावाने प्रसिद्ध झालेल्या कुलपांत स्प्रिंगाही नसतात आणि पिनाही नसतात, फक्त फिरणाऱ्या चकत्या असतात, आणि त्यांसाठी साधनही निराळे, त्या कुलपाच्या मापाने बनवलेले लागते. इस्रायलच्या मल-टी-लॉकमध्ये पिनेच्या आत पिन असते. ही नावे ऐकून हुरळून जाऊन सुरुवातीलाच ती कुलपे विकत घेणारे पुष्कळ असतात आणि ती कपाटात पडून राहतात. पाच-सहा वेगवेगळी स्पूलची कुलपे पुन्हा पुन्हा, अडण्याचा क्रम आधी सांगून, उघडता येऊ लागली की मगच तिकडे जावे.

भारतात राहणाऱ्याला आणखी एक दालन सहज उपलब्ध आहे, ते लिव्हर कुलपांचे, ज्यांत पिनांऐवजी चावीने उचलल्या जाणाऱ्या सपाट पट्ट्या, म्हणजे लिव्हर, असतात. अलीगढची असंख्य पॅडलॉक आणि गोदरेजचे घराघरांतील नवताल हे याच कुळातील. रॉबर्ट बॅरन यांनी 1778 मध्ये इंग्लंडमध्ये पेटंट घेतलेल्या रचनेत लिव्हर कमी उचलला तरी कडी अडते आणि जास्त उचलला तरी अडते, आणि आजच्या ‘सात लिव्हर’ असा शिक्का असलेल्या कुलपाचे तत्त्व तेच आहे. इथे ताण प्लगला न देता त्या कडीला, म्हणजे बोल्टला, द्यायचा असतो, आणि तो पिन कुलपापेक्षा बराच जास्त लागतो. चांगल्या लिव्हरांच्या कडांना फसव्या खाचा असतात आणि त्या स्पूलचेच काम करतात. मात्र यांतील बहुतेक पॅडलॉक रिव्हेट मारून बंद केलेली असल्यामुळे ती खोलून परत जुळवता येत नाहीत. जुन्या बाजारातून एक मोडके कुलूप आणून, त्याचे रिव्हेट कानशीने घासून काढून, आतील लिव्हर पाहावेत आणि दुसऱ्या तशाच धड कुलपावर सराव करावा.

साधनांबद्दल विचारले आहे म्हणून सांगतो, पण येथे फार वेळ घालवू नये. अर्धा मिलिमीटरच्या आसपास जाडीची, टोकाशी किंचित वळलेली दोन पिक, एक कमी वळणाचे आणि एक जास्त वळणाचे, आणि वेगवेगळ्या जाडीच्या चार-पाच ताण-पट्ट्या पुरेत. अरुंद खाचेसाठी याहून पातळ पिक लागते, पण ते लवकर वाकते. मोटारीच्या वायपरमधील पोलादी पट्टी उत्तम प्रतीची असते आणि गॅरेजवाले जुने वायपर टाकूनच देत असतात; तिला ग्राइंडरवर आकार देताना वारंवार पाण्यात बुडवावे, कारण ती निळी पडेपर्यंत तापली तर तिचा ताठपणा जातो. शेवटी बारीक पॉलिश पेपरने कडा गुळगुळीत कराव्यात. खडबडीत पिक पिनांवर अडखळते आणि ते अडखळणे तुम्ही पिनेचे अडणे समजता.

वेळेचे म्हणाल तर, सलग दोन तास बसण्यापेक्षा रोज वीस-पंचवीस मिनिटे बसणे बरे, कारण बोटे थकली की ताण नकळत वाढतो आणि तेव्हापासूनच्या सरावाने चुकीची सवय लागते. प्रत्येक कुलपासाठी वहीचे एक पान ठेवावे आणि त्यावर अडण्याचा क्रम, कोणत्या छिद्रात स्पूल आहे, फसवा टप्पा कितव्या पिनेनंतर आला, एवढेच लिहावे. कुलूप खोलल्यावर ही नोंद प्रत्यक्ष पिनांशी ताडून पाहावी. सध्याचे तुमचे कुलूप खोलता येण्यासारखे असेल, तर याच आठवड्यात ते खोला, एक सोडून सर्व सिक्युरिटी पिना काढून त्यांच्या जागी साध्या पिना घाला, आणि त्या एकीपासून सुरुवात करा.